बसथांब्यावरची भिंत

अमेरिकेत मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे एका सोफ्याला शोभेल असं चित्र.

सिएटलजवळच्या बॉथेल गावात आम्ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राहायला आलो. नवरा एका बायोटेक कंपनीत होता, मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती, आणि मी नागपूरला चित्रकला आणि सिरॅमिक शिकून आलेली, ग्रीन कार्डाची वाट बघत घरी बसलेली. कार्ड आलं आणि लगेचच मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात एका डॉक्टरांच्या पत्नीने मला गाठलं. सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले.

"तू पेंटिंग करतेस ना? आमच्या लिव्हिंग रूमला एक मोठं हवंय. मोर काढ. फक्त सोफ्यातला मरून त्यात कुठेतरी यायला पाहिजे हं, नाहीतर मॅच नाही होणार."

नमुना म्हणून त्यांनी सोफ्यावरच्या उशीचा अभ्राच काढून दिला. मोराच्या अंगावर मरून कुठून आणायचा? शेवटी मागे मावळतीचं आभाळ दाखवून मी तो रंग कसाबसा बसवला. चित्र घेऊन गेले तेव्हा काकू खूश झाल्या. चहा झाला. मग नागपूरला घर कुठे, आडनाव काय, वडील काय करतात, अशा चौकशा सुरू झाल्या. मी सांगितलं, बाबा विहारांच्या भिंती रंगवतात, जयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ करतात. काकू "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि बोलणं हवापाण्याकडे वळलं. पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तर सोफ्याच्या वर एक मोठा आरसा होता. मोर खाली बेसमेंटमध्ये, पिंगपाँगच्या टेबलामागे. सोफा बदलला होता हे खरं, पण तेवढंच कारण होतं की आणखी काही, हे मी विचारलं नाही. आजही मला ते ठाऊक नाही.

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "यार, लोकांच्या घरातली भिंत त्यांचीच असते. तू कोणाच्याच मालकीची नसलेली भिंत शोध."

ती भिंत मला लायब्ररीच्या नोटीसबोर्डवर सापडली. गावाच्या कडेला एक मोठा पार्किंग लॉट होता. लोक सकाळी तिथे गाड्या ठेवत आणि बसने सिएटलला कामाला जात. त्या बसथांब्यामागे काँक्रीटची नवी लांबलचक भिंत उभी राहिली होती आणि तिच्यावर कलाकाराकडून काहीतरी करून घ्यायचं, असं गावाच्या कला समितीने ठरवलं होतं. मी माझ्या जुन्या कामाच्या स्लाइड्स पाठवल्या. मुलाखतीला बोलावणं आलं.

समितीच्या अध्यक्षा निवृत्त चित्रकला शिक्षिका होत्या. पांढरेशुभ्र केस, गळ्यात जाड लाकडी मण्यांची माळ. त्यांनी विचारलं, "तुम्ही या भिंतीवर काय कराल?" माझ्याआधी येऊन गेलेल्या कलाकारांनी सामन मासे, देवदार आणि बर्फाचे डोंगर सुचवले होते, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, "तिथे जे लोक बसची वाट बघतात, तेच. खऱ्या उंचीचे. टाइल्सच्या तुकड्यांमध्ये." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाल्या, "हे मला रोज बघायला आवडेल."

काम मला मिळालं. त्या दिवशी मी घरी येऊन पुरणपोळी केली होती.

रस्ते विभागाचा एक इंजिनिअर आमच्याबरोबर असायचा. उंच, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच बैठकीत त्याने सांगितलं, "मोझॅक थेट भिंतीवर करू नका. पातळ पॅनेल्सवर करा, आपण ती बोल्टने भिंतीला लावू. रस्त्यांचं काही सांगता येत नाही. उद्या हलवायची वेळ आली तर उचलून नेता येतील."

मी म्हटलं, "पॅनेलचे सांधे लोकांच्या चेहऱ्यांवरून जातील. आणि इथल्या पावसात मागे पाणी साचेल."

दोन्ही मुद्दे खरे होते. पण माझ्या मनातलं कारण वेगळं होतं. बाबा दर वर्षी जयंतीच्या आधी कित्येक आठवडे घराच्या अंगणात चित्ररथ रंगवायचे. प्लायवुड, बांबू, कापड. त्यावर माणसांचे एवढे जिवंत चेहरे की शेजारच्या बायका येऊन बघत उभ्या राहायच्या. मिरवणूक एका संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी प्लायवुड मंडपवाल्याकडे परत जायचं आणि कापड कोणीतरी घेऊन जायचं. लहानपणी एकदा बाजारात एका कांद्याच्या हातगाडीवर मी बाबांनी काढलेला चेहरा ओळखला होता. गाडीवाल्याने उन्हासाठी ते कापड वर ताणलं होतं. विहारांच्या भिंतीही दर काही वर्षांनी चुन्याने पांढऱ्या व्हायच्या. सगळा जन्म रंगवण्यात गेला, तरी हे माझ्या बाबांनी केलंय असं बोट दाखवून म्हणावं असं नागपुरात काही उरत नव्हतं. मला कोणाला काढताच येणार नाही असं काहीतरी करायचं होतं. सिमेंटमध्ये रुतलेलं.

इंजिनिअरने वाद घातला नाही. "निर्णय तुमचा आहे. मी फक्त सांगून ठेवतोय," एवढंच म्हणाला. अध्यक्षाबाई माझ्या बाजूने होत्या. भिंतीवर थेट करायचं ठरलं.

त्या वसंतात मी घडीचं स्टूल घेऊन थांब्यावर बसायला लागले. सकाळच्या गर्दीत रेखाटनं करायला माणसं हवी तेवढी होती. उभ्या उभ्या डुलकी काढणारी एक नर्स होती. सायकलचं चाक हातात घेऊन येणारा एक तरुण होता. सायकल चोरीला जाऊ नये म्हणून तो चाकच बरोबर न्यायचा. दोन आपल्याकडचे सॉफ्टवेअरवाले होते. मी विचारल्यावर ते लाजले. "आम्हाला नका काढू ताई," त्यांतला एक म्हणाला, "आम्ही लवकरच गाडी घेतोय. मग भिंतीवर उगाच बसची वाट बघत राहू."

ती म्हातारी बाई मात्र दुपारी यायची, थांबा रिकामा असताना. जांभळा रेनकोट, मांडीवर झाकणाचा डबा. सिएटलला न जाता ती उलट्या दिशेच्या बसने जायची. दोन-तीनदा दिसल्यावर मी विचारलं, तुमचं चित्र काढू का?

"माझं कशाला? मी तर नर्सिंग होमला निघालेय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बरं काढ. बस यायला वेळ आहे."

तिच्या नवऱ्याने आयुष्यभर ट्रक चालवला होता. आता त्याला काही आठवत नव्हतं. ती रोज त्याला दुपारचं जेवण भरवायला जायची आणि सोबत केळ्याचं पुडिंग न्यायची.

"मी कोण, ते त्याला आता कळत नाही," तिने डब्यावर हात ठेवत सांगितलं. "पण पुडिंग माझं आहे की तिथल्या स्वयंपाकघरातलं, ते मात्र बरोबर कळतं. दुसरं दिलं तर तोंड फिरवतो."

हळूहळू आमच्या गप्पा वाढल्या. माझी मुलगी कोणत्या वर्गात, आम्ही भातात काय घालतो, नागपूरला ऊन किती, सगळं ती विचारायची. मी तिचा चेहरा इतक्या वेळा काढला की तो मला पाठ झाला. एक दिवस तिने पर्समधून एक फोटो काढला. ट्रकच्या दारात उभा असलेला रुंद खांद्यांचा माणूस, तोंडभर हसणारा.

"मला काढतेसच, तर याला माझ्या शेजारी बसव," ती म्हणाली. "जन्मात कधी बसमध्ये बसला नाही. बसला नावं ठेवायचा. आता तरी बसू दे."

मला ते इतकं आवडलं की मी तिथेच हो म्हणणार होते. पण आराखड्यातला प्रत्येक बदल समितीपुढे न्यावा लागायचा. अध्यक्षाबाईंनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग मान हलवली.

"नाही. वाईट वाटतं मला, पण नाही. आज हिचा नवरा, उद्या कोणाचा मुलगा, परवा कोणाची आई. ही सगळ्यांची भिंत आहे. ती एका घराची करता येणार नाही."

मी थोडी भांडले. माझं इंग्रजी अशा वेळी मला सोडून जायचं. मराठीत बोलायचं असतं तर काय काय म्हणाले असते! पण तिथे "ती रोज येते" एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर तिला सांगितलं. तिने फोटो परत पर्समध्ये ठेवला. रस्त्याकडे बघत म्हणाली, "मग जागा तर सोड. रिकाम्या जागेला त्यांची परवानगी लागत नाही ना?"

म्हणून माझ्या आराखड्यात बाकावर ती एका टोकाला बसली आणि तिच्या शेजारी एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा मी फक्त निळ्या टाइल्सनी भरली. समितीला अंतिम आराखडा दाखवला तेव्हा अध्यक्षाबाई त्या निळ्या भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे छान केलंत. इथे डोळ्याला विसावा मिळतो." मी आराखडा गुंडाळून घेतला.

उन्हाळ्यात बाबा आले. आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि ते पहिल्यांदाच विमानात बसले होते. एअरपोर्टवरून घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी विचारलं, "कुठं काम करून राहिली तू?" मी गॅरेज दाखवलं. गाड्या बाहेर काढून आम्ही सगळं गॅरेज टाइल्सच्या खोक्यांनी भरलं होतं. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी बसून टाइल्स फोडायला लागले.

त्या उन्हाळ्याइतकं सुख मला पुन्हा कोणत्याच कामात मिळालं नाही. सकाळी डबा घेऊन आम्ही भिंतीपाशी जायचो. मी सिमेंट लावायचे, बाबा तुकडे बसवायचे. थांब्यावरची माणसं स्वतःला शोधत यायची. सायकलच्या चाकवाला रोज विचारायचा, "माझं डोकं कधी येणार?" बाबांचं इंग्रजी चार शब्दांचं. ते त्याला "टुमारो" म्हणायचे आणि दोघंही हसायचे. संध्याकाळी मुलगी येऊन बाबांना सांगायची, "आजोबा, यू मिस्ड अ स्पॉट!" आणि बाबा खरंच जाऊन बघायचे.

"डोळे सगळ्यांत शेवटी बसव," ते मला म्हणाले. "चेहरा बसला की मगच डोळे. आधी केले तर माणूस तुझ्याकडं बघत राहते, हात मोकळा चालत नाही."

म्हातारीचे डोळे मात्र माझ्याच्याने होईनात. राखाडी-निळे डोळे होते तिचे, आणि दरवेळी ते रडवेले तरी दिसत, नाहीतर काचेचे. एक दिवस बाबा दुपारी माझ्याबरोबर थांबले आणि जाऊन तिच्या शेजारी बाकावर बसले. एकमेकांची भाषा येत नसलेली ती दोघं बस येईपर्यंत नुसती बसून होती. तिने डबा उघडून त्यांना चमचाभर पुडिंग दिलं. त्यांनी खाल्लं, मान डोलावली.

बस गेल्यावर बाबा म्हणाले, "बाई दुःखात आहे, पण रडणारी नाही. तू पाणी दाखवून राहिली डोळ्यांत. ते काढून टाक."

घरी आमचा एक चहाचा कप फुटला होता, राखाडी रंगाचा. त्याचे तुकडे बाबांनी कचऱ्यातून परत काढले. त्यातले दोन घासून घासून त्यांनी तिच्या डोळ्यांत बसवले. मी मागे सरकून, पार रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिलं. ती होती. अगदी तीच होती.

भिंतीचं उद्घाटन फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, ठेवलं होतं आणि बाबांना त्याआधी परतावं लागलं. त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. एअरपोर्टवर ते म्हणाले, "अर्धी पाहिली, पुढच्या वर्षी पुरी पाहीन." पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मी त्यांना पूर्ण भिंतीचा फोटो मोठा करून पाठवला. तो त्यांनी विहारात नेऊन सगळ्यांना दाखवला, असं भाऊ सांगायचा.

उद्घाटनाला पाऊस होता, तरी बरीच माणसं आली. म्हातारी त्या दिवशी रेनकोटात नव्हती, ठेवणीतल्या कपड्यांत आली होती. भाषणं चालू असताना ती भिंतीपाशी गेली, स्वतःकडे न बघता शेजारच्या निळ्या टाइल्सवरून तिने तळहात फिरवला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "जागा चांगली रुंद सोडलीस. त्याचे खांदे मोठे आहेत."

पुढची काही वर्षं ती भिंत माझ्या रोजच्या वाटेवर होती. मुलीला क्लासला सोडताना, किराणा आणायला जाताना मी तिथून जायचे. दुपारी म्हातारी दिसली तर गाडी कडेला घ्यायचे, काच खाली करायचे आणि विचारायचे, "कशा आहात? नवरा कसा आहे?" ती डबा जरासा उचलून दाखवायची आणि म्हणायची, "आहे तसाच." मी हात हलवून पुढे निघायचे.

त्या वर्षांत गावात भराभर ऑफिसं उठली. शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि सकाळी आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायला लागली. एक दिवस त्या इंजिनिअरचा फोन आला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी फोन केला नव्हता.

"तुम्हाला पत्र येईलच," तो म्हणाला, "पण त्याआधी मी सांगावं असं वाटलं. रस्ता रुंद होतोय. उजवीकडे वळायची नवी लेन भिंतीच्या जागेवरून जाते. मी आखणी बदलून बघितली. जमत नाही."

मी विचारलं, "भिंत हलवता येईल?"

तो म्हणाला, "थेट काँक्रीटवर आहे ती."

पॅनेलचं नाव त्याने काढलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्याने काढलं असतं तर मी निदान चिडले असते. माझं मलाच ते रोज ऐकू यायचं. बोल्ट सोडवले असते, एकेक माणूस उतरवला असता, ट्रकमध्ये घातला असता, नव्या थांब्यावर लावला असता. सांधे दिसले असते चेहऱ्यांवर. दिसू देत की! लांबून कोणाला कळलं असतं?

गावाने बैठक बोलावली. माझ्या बाजूने बोलतील अशा अध्यक्षाबाई आता नव्हत्या. त्या दुसऱ्या राज्यात मुलाकडे राहायला गेल्या होत्या. समितीत सगळी नवी माणसं. लोक बोलले ते झाडांबद्दल, आवाजाबद्दल, आणि काम किती महिने चालणार याबद्दल. भिंतीविषयी एक गृहस्थ उठून म्हणाले, "ती फार छान आहे, वाईट वाटेल," आणि खाली बसले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण सकाळी त्या रांगेत मीसुद्धा अडकत होते. लेन नको असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

इंजिनिअरने एक मार्ग काढला. काँक्रीट कापायच्या करवतीने भिंतीचा एक तुकडा वेगळा काढून बघता येईल. एकच. कोणता, ते मी सांगायचं.

घरी फोटो समोर ठेवून मी बसले. नवरा म्हणाला, "नर्सचं काम तुझं सगळ्यांत बेस्ट आहे." ते खरं होतं. पण मी म्हातारीचा भाग मागितला, तिच्या शेजारच्या निळ्या जागेसकट. त्यात बाबांचे डोळे होते.

कापायच्या दिवशी मी गेले होते. करवतीवर पाणी सोडत होते, तरी राखाडी धूळ सगळीकडे. कापणं नीट झालं. साखळ्या लावून तुकडा उचलला, तो जमिनीपासून जरा वर आला असेल-नसेल, तोच कट्‌ असा आवाज आला. निळ्या भागातून वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि रिकामी जागा वेगळी होऊन खाली पडली. तिचा चुरा झाला. म्हातारी साखळ्यांत अधांतरी राहिली, चेहरा शाबूत. कामगार माझ्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "ठीक आहे." दुसरं काय म्हणणार?

उरलेली भिंत त्यांनी दुपारपर्यंत पाडली.

वाचलेला तुकडा नव्या थांब्यावर लावावा असं मी समितीला सुचवलं. त्यांचं म्हणणं पडलं की ही पूर्ण कलाकृती नाही, अर्धवट आहे, लोकांना काही कळणार नाही. माझ्या घरी आणावा तर इतकं वजन गॅरेजच्या जमिनीला झेपेल की नाही, याची शंका. तो गावाच्या सामानाच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवला. नंतर बघायला गेले तेव्हा कडेने गवत आलं होतं.

बाबांना सांगायचं मी टाळत होते. दर रविवारी फोन व्हायचा आणि मी मुलीचं, हवेचं बोलून ठेवून द्यायचे. शेवटी त्यांनीच विचारलं, "भिंत कशी आहे?"

"पाडली, बाबा."

"पुरी?"

"बाई वाचली. तुमचे डोळे आहेत."

"लोकं रोज थांबत होते ना तिथं?"

"हो."

"मग पाहिली ना लोकांनी. एवढे वर्षं टिकली. माझं तर एक दिवस टिकत नाही." ते हसले. मला हसू येईना. "दुसरी कर बेटा," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. पण केली नाही. एका हॉस्पिटलमधून विचारणा आली, नंतर एका शाळेतून. एकदा मुलीच्या परीक्षा होत्या, एकदा माझी पाठ धरली होती. कारणं खोटी नव्हती. बाबा पुढच्याच थंडीत गेले, आणि मग दुसरी भिंत दाखवायची तरी कोणाला, असं झालं. मी कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांना मातीकाम शिकवायला लागले आणि तेच करत राहिले.

भिंत पाडल्यानंतरच्या फॉलमध्ये एकदा माझ्या लक्षात आलं की म्हातारी कित्येक महिन्यांत दिसलेली नाही. तिला भिंतीचं कोणी सांगितलं असेल का? तिचं घर कुठे, हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस तिच्या गालावरच्या सुरकुत्या मोजून काढल्या, पण पत्ता कधी विचारला नाही. आमची सगळी ओळख त्या थांब्यावरची. नर्सिंग होम कोणतं, तेवढं तिच्या बोलण्यातून आठवत होतं. मी भिंतीचा फोटो पाकिटात घातला आणि ती ज्या बसने जायची त्याच बसने गेले. का कोण जाणे, त्या दिवशी गाडीने जावंसं वाटलं नाही.

रिसेप्शनवरच्या बाईंना मी फोटो दाखवला, ही भिंत माझी हे सांगितलं, आणि जांभळा रेनकोट आणि पुडिंगचा डबा सांगितला. त्यांनी लगेच ओळखलं.

"ती ना! तिची मुलगी तिला घेऊन गेली, या वसंतात. तिलाही आता एकटीला जमत नव्हतं."

"आणि तिचा नवरा? तो इथेच आहे का?"

बाईंनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "तो जाऊन तर बरीच वर्षं झाली. तुमच्या त्या भिंतीचा समारंभ झाला ना, त्याच हिवाळ्यात."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पण ती तर येत होती. डबा घेऊन."

"हो, रोज. ज्यांचं कोणी येत नाही अशा म्हाताऱ्यांना जेवू घालायची. पुडिंगही सगळ्यांना. आम्ही म्हणायचो, नको एवढा त्रास घेऊ. ऐकायची नाही."

मी तिथल्या खुर्चीवर बसले. तिला किती वेळा विचारलं होतं मी, नवरा कसा आहे? दरवेळी गाडीतूनच, इंजिन चालू ठेवून. एकदा जरी खाली उतरून तिच्या शेजारी बसले असते, तर कदाचित तिने सांगितलं असतं. किंवा नसतंही. आहे तसाच, हे तर ती खरंच सांगत होती.

मुलीचा पत्ता देता येणार नाही, असं त्या बाईंनी नम्रपणे सांगितलं. मी फोटो त्यांच्याकडे ठेवला, कधी कोणी चौकशीला आलं तर द्या म्हणून. फोटोच्या मागे काहीतरी लिहावं असं वाटलं, पेन हातात घेतलं, आणि नुसती सही करून दिली.

बाहेर थांब्यावर बाक नव्हता, एक खांब होता फक्त. बस बऱ्याच वेळाने आली. खिडकीशी बसून मी प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसांचे चेहरे बघत होते, नर्स किंवा तो सायकलच्या चाकवाला दिसतो का म्हणून. ओळखीचं कोणी चढलं नाही.